मग खुन्याची बाजू का घेता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. एरवी हा प्रश्न आला की एक ठरलेलं उत्तर देऊन मी मोकळी होते. प्रश्न साधारण असा असतो: तुमची लढाई प्रेमाची, घराची, नोकरीतल्या भेदभावाची, मग फाशीविरोधी निवेदनांवर एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स) संघटनांच्या सह्या कशाला? थोडं बोलणं झालं की पोटातला प्रश्न ओठांवर येतो: खुन्याची बाजू का घेता? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्यातून अंग काढून घ्यायची सवय मला लागली होती.

पहिल्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. इराण, सौदी अरेबिया, येमेन, मॉरिटानिया, ब्रुनेई आणि उत्तर नायजेरियातली शरिया लागू असलेली राज्यं. इथल्या कायद्यांत पुरुषापुरुषांमधल्या संमतीच्या संबंधांनाही मृत्युदंड लिहिलेला आहे. सुदानने तो २०२० मध्ये काढला, युगांडाने २०२३ मध्ये घातला. लिहिलेली शिक्षा दिलीच जाते असं नाही. फाशीची अंमलबजावणी न करण्याचं धोरण या कायद्यालाही लागू राहील, असं ब्रुनेईच्या सुलतानाने मे २०१९ मध्ये जाहीर केलं. पण न दिलेली शिक्षाही कामाला येते. लाच मागणाऱ्याला येते, धमकावणाऱ्या शेजाऱ्याला येते.

यावर लगेच ऐकायला मिळतं, "मग तेवढ्यापुरतं बोला ना." तेही करून झालं. २९ सप्टेंबर २०१७ रोजी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेपुढे मृत्युदंडाविषयीचा ठराव होता. धर्मत्याग, ईशनिंदा, व्यभिचार आणि संमतीचे समलिंगी संबंध यांसाठी मृत्युदंड देण्याचा निषेध त्यात होता. बाजूने २७ मतं, विरोधात १३, तटस्थ ७. विरोधातल्या तेरांत सौदी अरेबिया होता, अमेरिका होती आणि भारतही होता. अमेरिकेने नंतर खुलासा केला की समलिंगी संबंधांसाठी मृत्युदंड देण्याला आमचा विरोधच आहे, आमचा आक्षेप ठरावात एकूण मृत्युदंडाबद्दल जे म्हटलंय त्याला आहे. म्हणजे 'आमच्यापुरती' फाशी वेगळी काढून तिच्यावर मतदान घेता येत नाही. ज्या सरकारला फाशी ठेवायचीच आहे, ते तिच्या कडेलाही कुणाला हात लावू देत नाही.

उलट बाजूनेही हेच दिसतं. युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात 'गंभीर समलैंगिकता' या गुन्ह्याला मृत्युदंड आहे, आणि वारंवार दोषी ठरलेला माणूसही त्या व्याख्येत येतो. तरीही तिथल्या न्यायाधीशावर मृत्युदंड देण्याची सक्ती नाही. का नाही? कारण २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचा मृत्युदंड घटनाबाह्य ठरवला होता. तो खटला लढली सुझन किगुला आणि तिच्यासोबतचे फाशीच्या रांगेतले चारशेहून अधिक कैदी. समलिंगी हक्कांशी त्या खटल्याचा काडीचाही संबंध नव्हता. किगुला खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली होती. तुम्ही ज्यांना 'खुनी' म्हणता, त्यांनी खणलेल्या विहिरीचं पाणी आज दुसरेच लोक पीत आहेत.

इथवर माझं ठरलेलं उत्तर. आता दुसरा प्रश्न.

चार्ल्स राइन्स नावाच्या माणसाने १९९२ मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, रॅपिड सिटी इथे, एका डोनटच्या दुकानात चोरी करताना मध्ये आलेल्या बावीस वर्षांच्या कर्मचाऱ्याला भोसकून मारलं. खून क्रूर होता. राइन्सने तो कबूलही केला. त्याच्या निर्दोषपणाबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही, कारण लिहिण्यासारखं काही नाही.

अमेरिकेत असा खटला दोन टप्प्यांत चालतो. आधी गुन्हा केला की नाही ते ठरतं, मग त्याच ज्यूरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, शिक्षेची वेगळी सुनावणी होते. आरोपीचं बालपण, आजार, त्याने सोसलेलं सगळं या दुसऱ्या टप्प्यात मांडायचं असतं. राइन्सच्या ज्यूरीपुढे दोनच पर्याय होते: मृत्युदंड, किंवा पॅरोल नसलेली जन्मठेप. तो समलिंगी आहे हे त्यांना साक्षीपुराव्यांतून समजलं होतं. विचारविनिमय चालू असताना ज्यूरीने न्यायाधीशाला एक चिठ्ठी पाठवली. मृत्युदंड म्हणजे काय ते आम्हाला कळतं, पण जन्मठेप प्रत्यक्षात कशी असते याची कल्पना नाही, अशा अर्थाची. खाली प्रश्न होते. तो इतर कैद्यांमध्ये मिसळेल का? त्याच्याभोवती चाहत्यांचा गोतावळा जमेल का? नव्याने आलेल्या तरुण कैद्यांपुढे तो आपल्या गुन्ह्याची बढाई मारू शकेल का? त्याला लग्न करता येईल का? त्याच्या कोठडीत दुसरा कैदी असेल का?

एकेक प्रश्न सुटा वाचला तर साधा आहे. राज्याच्या वकिलांनी तेच म्हटलं: धोकादायक माणूस तुरुंगात कसा राहील, याची ही रास्त काळजी. सगळे एका दमात वाचा आणि मग सांगा. न्यायाधीशाने कळवलं की सांगण्यासारखं सगळं लेखी सूचनांमध्ये आलेलं आहे. ज्यूरीने मृत्युदंड दिला.

वीसेक वर्षांनी बचावाच्या वकिलांनी ज्यूरीतल्या लोकांना गाठलं. एकाने शपथेवर सांगितलं की राइन्स समलिंगी आहे हे आम्हाला माहीत होतं आणि त्याने पुरुषांबरोबर तुरुंगात आयुष्य काढू नये असं वाटत होतं. त्याला तुरुंगात धाडणं म्हणजे हवं तिथेच पाठवणं, असं चर्चेत कुणीतरी बोलल्याचं दुसऱ्याला आठवत होतं.

हे कळल्यावर शिक्षा रद्द झाली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही झाली, आणि का नाही झाली ते नीट समजून घ्या. ज्यूरीच्या बंद खोलीत काय बोलणं झालं याची साक्ष नंतर निकालाविरुद्ध वापरता येत नाही, असा तिथला जुना नियम आहे. नियम वेडगळ नाही. तो नसेल तर हरलेला प्रत्येक पक्ष ज्यूरीतल्या लोकांची दारं ठोठावत फिरेल. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला एक खिडकी पाडली: वंशद्वेष उघड दिसत असेल तर साक्ष ऐकावी लागेल. राइन्सच्या वकिलांनी विचारलं, मग समलिंगी म्हणून केलेला द्वेष का नाही? एलजीबीटी संघटना या टप्प्यावर आल्या, न्यायालयाला साहाय्य म्हणून लेखी निवेदन घेऊन. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला, २०१९ मध्ये पुन्हा दिला. ४ नोव्हेंबर २०१९ च्या संध्याकाळी राइन्सला पेंटोबार्बिटलचं इंजेक्शन देऊन मारण्यात आलं.

बाजू घेतली म्हणता ती एवढीच. तो सुटावा असं त्या निवेदनात कुणी मागितलं नव्हतं. पॅरोल नसलेली जन्मठेप, म्हणजे तुरुंगातच मरण, हा पर्याय ज्यूरीपुढे होताच. तो त्याच्यासाठी शिक्षा नसून चैन आहे असं कुणाला वाटलं असेल, तर ते ऐकून तरी घ्या, एवढंच मागणं होतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर, तो समलिंगी नसता तर जगला असता, हे मी सिद्ध करू शकत नाही. खुनाचे तपशीलच असे होते की दुसऱ्या ज्यूरीनेही तेच केलं असतं, असं म्हणणाऱ्याला मी खोटं पाडू शकत नाही.

टेक्ससमध्ये कॅल्विन बर्डाइनच्या १९८४ च्या खटल्यात तर चिठ्ठीचीही गरज पडली नाही. समलिंगी माणसाला तुरुंगात पाठवणं ही काही फार मोठी शिक्षा नव्हे, असं सरकारी वकील भर न्यायालयात बोलला. बर्डाइनचा स्वतःचा वकील सुनावणीत झोपा काढत होता. पुढे नव्याने खटला चालवण्याचा हुकूम झाला, तो झोपेमुळे. त्या वाक्यामुळे नव्हे.

आता कामाचं बोलते, कारण 'सह्या करता म्हणजे नक्की काय करता' हेही विचारलं जातं. खटला चालू असेल तर उपयोग सर्वांत जास्त, आणि आम्ही पोचतो सर्वांत उशिरा. ज्यूरी निवडताना "तुमच्या मनात आकस आहे का?" असं विचारलं तर कुणीही नाहीच म्हणतं. "तुमच्या ओळखीत कोण समलिंगी आहे, त्यांच्याबद्दल घरात काय बोललं जातं?" असं विचारावं लागतं. वकील घाबरून आरोपीची ओळख लपवतात. मग घरातून हाकलणं, शाळेतली मारहाण, जबरदस्तीचे 'उपचार' हे सगळं शिक्षेच्या सुनावणीत यायचं राहून जातं आणि सरकारी वकील मात्र तीच ओळख हवी तशी वापरून घेतो. चिठ्ठी आली, तर तिला तिथल्या तिथे ठोस उत्तर मिळावं म्हणून बचावाने अडून बसायचं आणि ते नोंदवून घ्यायचं. वीस वर्षांनंतरचं शपथपत्र फार अशक्त कागद असतो.

परदेशातल्या फाशीची बातमी आली तर आणखी जपून. १९ जुलै २००५ ला इराणमध्ये मशहद इथे दोन मुलांना जाहीर फाशी दिली गेली. छायाचित्रं जगभर फिरली आणि 'समलिंगी असल्याबद्दल दोन किशोरांना फाशी' असा मथळा बसला. इराणी वृत्तांतांत एका तेरा वर्षांच्या मुलावरच्या बलात्काराचा आरोप होता. तो काही पत्रकांतून गळाला, नंतर बाहेर आला, आणि आम्ही बलात्काऱ्यांना हुतात्मे केलं असा गिल्ला झाला. खरं काय? इराणच्या कायद्याची रचनाच अशी की कागदावरून ते कळू नये. संमती होती असं म्हटलं तर संबंधात 'निष्क्रिय', म्हणजे ज्याच्याशी संभोग झाला तो, ठरणाऱ्याचाही जीव जातो. त्यामुळे जीव वाचवायचा तर 'जबरदस्ती झाली' म्हणावंच लागतं. म्हणजे बलात्काराच्या नोंदीआड संमती असू शकते. आणि ज्याच्यावर खरोखर बलात्कार झाला तो तक्रार करायला घाबरतो, कारण त्याचं म्हणणं पटलं नाही तर तोच आरोपी.

पूर्वी मी या प्रकरणात तावातावाने 'ते आपलेच होते' या बाजूने भांडत असे. आता वाटतं, ते भांडणच चुकलं. गुन्ह्याच्या वेळी आरोपी अल्पवयीन होता का, हा पहिला प्रश्न हवा होता. त्याचं उत्तर मिळालं की ते समलिंगी होते की नव्हते हे ठरवायची गरजच उरत नाही. म्हणून आता क्रम असा: आरोपाचा मूळ भाषेतला शब्द, तो शब्द कायद्याच्या कोणत्या कलमातला, गुन्ह्याच्या वेळचं वय, वकील आहे का, घरच्यांना गाजावाजा हवा आहे का. माणसाने स्वतः म्हटलं नसेल तर 'समलिंगी' हा शब्द पत्रकात घालायचा नाही. तो शब्द दया मागायच्या अर्जाआड येऊ शकतो आणि सुटून आलेल्याला घर बंद करू शकतो.

आणि आमचाच माणूस मेला तर? अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, लॅरमी इथे, ऑक्टोबर १९९८ मध्ये मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी तरुणाला बेदम मारून कुंपणाला बांधून ठेवलं, तो सहा दिवसांनी गेला. मुख्य आरोपीला मृत्युदंड मागता आला असता. आईवडिलांनी अपील न करण्याच्या अटीवर दोन जन्मठेपी मान्य केल्या. तू मेलेला पाहायला मला आवडेल, पण दया दाखवायची वेळ ही आहे, अशा अर्थाचं मॅथ्यूचे वडील न्यायालयात आरोपीला उद्देशून बोलले. तारीख ४ नोव्हेंबर १९९९. राइन्सच्या बरोबर वीस वर्षं आधीची. मला ही तारीख सांगायला आवडते आणि ती सांगताना थोडी लाजही वाटते, कारण एका बापाचं दुःख मी दाखल्यासारखं वापरते आहे. अपिलांच्या फेऱ्यांतून सुटका हवी, हाही त्या निर्णयातला भाग होता. ती नुसती क्षमा नव्हती.

शेपर्डच्या नावाचा द्वेषगुन्ह्यांचा कायदा २००९ मध्ये झाला. तो होताना सिनेटमध्ये त्यात मृत्युदंडाची दुरुस्ती घुसवली गेली होती. आमच्याच संरक्षणाच्या कायद्यात, आमच्याच नावाने. अंतिम मसुद्यातून ती निघाली.

मग माझी भूमिका नक्की काय? फाशी आकसाने दिली जाते म्हणून विरोध, असं मी अनेक वर्षं सांगितलं. पण उद्या आकस नसलेली ज्यूरी बसली तर? तरीही माझा विरोध राहील. आणि तो राहिला, तर त्याचं कारण एलजीबीटी असणं हे नाही. मग संघटनेची सही कशाच्या जोरावर, हा तुमचा पहिला प्रश्न फिरून दारात येतोच. शिवाय या आघाडीत सोबत कोण आहे तेही पाहा. कॅथलिक चर्चने २०१८ मध्ये मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. त्याच चर्चचा आमच्या लग्नांना विरोध आहे. एका मंचावर बसतो, निवेदन एका पानात आवरतो आणि दुसऱ्या पानावर काय असतं ते एकमेकांना विचारत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न बाहेरून येतच नाही. ट्रान्स बाईचा खून होतो, तपास रखडतो, आरोपी सापडत नाही, सापडला तर शिक्षा किरकोळ होते. तिची मैत्रीण विचारते, "तिच्या खुन्याला अजून कुणी पकडलंही नाही, आणि तुम्ही आत्तापासून त्याचा जीव वाचवायला निघालात?" तिला मी किगुला सांगू शकत नाही, राइन्सही नाही. आमच्या निवेदनांवर तिची सही नसते. आम्ही ती मागतही नाही.