पावतीची मागची बाजू

गेली काही वर्षे एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जात आहे. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासळी जेटीवर तो हसत विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरून सहज विचारला जातो आणि ऑक्टोबरात, सभासदत्वाच्या नूतनीकरणाच्या दिवसांत, फोनवर जरा वैतागाने विचारला जातो: "तुमच्या त्या स्कीइंगच्या संघाची वर्गणी भरून माणसाला मिळतं काय?" तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहितो आहे, आणि लेखीच लिहितो आहे, कारण तोंडी उत्तर देताना मी समोरचा माणूस पाहून उत्तर बदलतो, हे अलीकडे माझ्याच लक्षात आले आहे.

जेटीवरच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तिथे प्रश्नापाठोपाठ विनोदही येतो, की बर्फच पाहिजे असेल तर कारखान्यातून लादी घेऊन जा, त्यासाठी आठशे रुपये आणि काश्मीर कशाला? पहिली पाचसहा वर्षे मीही या विनोदाला हसलो. आता मी सांगतो, की रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरण्याची स्लालम नावाची जी शर्यत आज ऑलिंपिकमध्ये होते, तिला १९२२ साली स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन गावी आधुनिक रूप देणारा आर्नल्ड लन हा इंग्रज आपल्या मद्रासला, म्हणजे समुद्रकाठीच, जन्मला होता. तो मद्रासला राहिला नाही, हे मी सांगत नाही. ते ऐकणाराच मला सांगतो.

फोनवरच्या प्रश्नाचे उत्तर अवघड आहे, कारण तो विचारणाऱ्याने पैसे भरलेले असतात.

आमचा संघ म्हणजे कोकणपट्टीतल्या चार लहान गिर्यारोहण गटांनी मिळून केलेली बर्फाळ खेळांची जोडणी आहे, आणि मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिचा खजिनदार आहे. एकेका गटाला स्वतःचे सामान घेणे परवडत नाही, एकेका गटाला शिबिरात सवलत मिळत नाही आणि एकेका गटाच्या दहाबारा माणसांचा समूह विमा कोणी उतरवत नाही. चार गट एकत्र आले की या तिन्ही गोष्टी जमतात. जगातल्या बहुतेक स्की संघांचा जन्म याच हिशेबातून झालेला आहे. ही मोठी ध्येयाची गोष्ट नाही. पुष्कळदा ती गाडीभाडे वाटून घेण्याची गोष्ट असते.

सामानाबद्दल मात्र मला थोडे अधिक बोलू द्या, कारण तो माझ्या अभिमानाचा विषय आहे आणि माझ्या बायकोच्या त्रासाचा. संघाची बाविसेक जाकिटे, हातमोजे, गॉगल, जुन्या सहा जोड स्की आणि त्यांचे बूट आमच्या घराच्या माळ्यावर असतात. बर्फासाठी बनवलेल्या वस्तूला कोकणातला पावसाळा किती छळतो, याची कल्पना त्या बनवणाऱ्यांनी केलेली नसणार. जूनमध्ये जाकिटाच्या अस्तरावर बुरशी धरते. खाऱ्या वाऱ्याने स्कीच्या पोलादी कडा तांबारतात. चांगला दिसणारा बूट ऑक्टोबरात पायात घातला की त्याचे प्लास्टिक बिस्किटासारखे तडकते. दर महिन्याला उघडीप मिळाली की सगळे खाली उतरवायचे, पडवीत दोरीवर टांगायचे, कडांना ग्रीस लावायचे, डांबरगोळ्या बदलायच्या, आणि पुढची सर दिसली की धावत आत न्यायचे. या कामाला पावती नाही. तरीही काश्मीरला जाऊन जाकीट भाड्याने घेण्याचे सभासदाचे पैसे वाचतात ते या दोरीमुळे, हे मला कोणीतरी कबूल करावे, असे वाटते.

त्याशिवाय ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या वाळूत, आम्ही गुडघे आणि मांड्या तयार करून घेतो. पडवीत चटई टाकून बूट स्कीच्या बांधणीत अडकवणे, सोडवणे आणि पडल्यावर उठणे शिकवतो. उतारावरचे पहिले दोन दिवस ज्यात जातात ते मुले इथूनच शिकून जातात. आमचे शिबिर काश्मीरात गुलमर्गला असते, तिथल्या शिकवणाऱ्यांनी आमच्या मुलांना "समुद्रवाले" असे नाव ठेवले होते, पण तिसऱ्या दिवशी त्यांना वरच्या उतारावर नेले होते, हेही खरे आहे.

हे सगळे मी २०१६ साली पाच ओळींत बसवले आणि पावतीच्या मागच्या बाजूला छापून घेतले. चौथी ओळ अशी होती: "सर्व सभासदांना अपघात विम्याचे संरक्षण." साध्या वैयक्तिक विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, म्हणून समूह विमा ही आमची सर्वांत मोठी कमाई आहे, असे मी तेव्हा मानत होतो, आणि ती ओळ ठळक अक्षरांत छापावी, असा आग्रहही माझाच होता.

आता ज्या गोष्टीमुळे मी या प्रश्नावर चिडतो, ती सांगतो.

आमचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होते आणि महिनाअखेरीस सभासदांची यादी विमा कंपनीकडे जाते. २०२२ च्या नोव्हेंबरात, यादी गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, एका मुलाची आई आठशे रुपये रोख घेऊन माझ्या घरी आली. मुलगा १९ वर्षांचा, संघातल्या चपळ मुलांपैकी एक. उशीर झाल्याबद्दल तीच ओशाळली होती. मी पैसे घेतले, पावती फाडून दिली, चहा झाला. यादीत मागाहून नाव घालता येते. त्यासाठी एक पत्र आणि थोडा जादा हप्ता पाठवावा लागतो. मी मनाशी म्हटले, आणखी दोनतीन उशिराची नावे जमू देत, म्हणजे एकाच पत्रात काम होईल. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाक्य किती धोक्याचे आहे, ते कळायला हवे होते. आणखी नावे जमली नाहीत, म्हणून पत्रही गेले नाही.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या वर अफरवट शिखराच्या बाजूला हिमकडा कोसळून दोन पोलिश स्कीपटू दगावले. आम्ही चारच दिवसांनी निघणार होतो. संध्याकाळपर्यंत पालक माझ्या पडवीत जमले. मी त्यांना नीट समजावले: गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे, गंडोलाचा, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्याचा, दुसरा टप्पा जवळजवळ ३९५० मीटरवर नेऊन सोडतो, दुर्घटना त्या वरच्या, मोकळ्या भागातली आहे, आणि आपली मुले खाली, गावालगतच्या सौम्य उतारावर असतात. हे सगळे खरे होते. मग शेवटी मी म्हणालो, "आणि सगळ्यांचा विमा आहे." त्या मुलाची आई दाराशी उभी होती. तिने मान हलवली.

मंगला एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून जम्मू आणि पुढे बसने श्रीनगर असे आम्ही गेलो. मी स्की करीत नाही. मी हिशेब ठेवतो आणि थर्मास सांभाळतो. शिबिराच्या शेवटून दुसऱ्या दिवशी, दुपारी, शेवटची एक फेरी म्हणून त्या मुलाने आपल्याहून चांगल्या दिसणाऱ्या, मित्राच्या स्की पायांत चढवल्या. दोघांचे बूट एकाच मापाचे होते. स्कीची बांधणी ठरावीक जोर बसला की बूट सोडून देते, आणि तो जोर माणसाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून स्क्रूने लावायचा असतो. मित्र ८० किलोंचा होता, हा ५४ चा. तो पडला तेव्हा स्की बर्फात रुतून फिरली, बूट सुटला नाही, आणि बुटाच्या वरच्या कडेशी नडगीचे हाड पिळवटून मोडले. मी शंभर पावलांवर होतो. आवाज ऐकू आला, असे लोक सांगतात. मला काहीच ऐकू आले नाही, फक्त तो उठत का नाही, असे वाटले.

घसरगाडीवरून त्याला खाली आणले. चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीतून टंगमर्गपर्यंतची ती वळणे उतरताना त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. कोणीतरी आधीच कळवले होते. तिने रडारड केली नाही. पाय कुठे मोडला, शुद्धीवर आहे का, हे विचारले आणि मग म्हणाली, "भाऊ, विमा हाय ना त्याचा?"

मी म्हणालो, "आहे."

ते उत्तर देताना मला खरोखर तसे वाटत होते की नव्हते, यावर मी स्वतःशी अनेकदा वाद घातला आहे. माझ्या बाजूने मी असे म्हणतो, की त्या वेळी पत्राची आठवण मला नव्हती. विरुद्ध बाजूने असे म्हणावे लागते, की 'आहे' म्हणताना माझ्या पोटात काहीतरी हलले होते, आणि विसरलेल्या माणसाच्या पोटात काही हलत नाही. रात्री श्रीनगरच्या रुग्णालयाच्या बाकावर मी मोबाईलमधला यादीचा फोटो उघडला. ४१ नावे होती. मी ती तीनदा वाचली, जणू तिसऱ्या वेळी बेचाळिसावे नाव उगवणार होते.

हाडात सळई घालावी लागली. सगळा खर्च १ लाख ३८ हजार झाला. कंपनीने नकार दिला, आणि तिच्याकडच्या यादीत नावच नव्हते तर तिला बोल लावता येत नाही. संघाच्या शिल्लकेतून ५१ हजार निघाले, साठ मी घातले, उरलेले त्या घराने पतपेढीतून कर्ज काढून भरले. सगळेच तुम्ही का घातले नाहीत, असे मला कोणी विचारले नाही. मी स्वतःला विचारले आणि निवृत्तिवेतनाचा आकडा पुढे केला. आकडा खरा आहे. तो कारण होता की सबब, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत अनेकांनी माझी बाजू घेतली. मुलाने स्की बदलायला नको होत्या, असे एकजण म्हणाला. वर्गणी मुदतीत भरायला नको का, असे दुसरा म्हणाला. लाजेची गोष्ट ही, की दोन्ही वाक्ये मला त्या क्षणी बरी वाटली. मुलाची आई सभासद नव्हती, तरी ती आली होती. तिने पावती टेबलावर उलटी ठेवली, चौथ्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "हे लिहिलंय कोणी?" मी सांगितले, की मी लिहिले आहे. तिने पावती पुन्हा पिशवीत ठेवली आणि ती गेली.

मी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, कारण हिशेब ठेवायला दुसरा कोणी तयार नव्हता. याला विश्वास म्हणायचे असेल तर म्हणा.

२०१६ मधल्या मला हल्ली मी फार बोलतो. त्याचे म्हणणे असे, की तू ओळ खोटी लिहिली नाहीस, ४१ जणांसाठी ती खरी होती. माझे म्हणणे असे, की 'सर्व' हा शब्द तू का घातलास? तो म्हणतो, त्या शब्दाशिवाय लोक पैसे भरत नाहीत. इथे मला गप्प बसावे लागते, कारण ते बरोबर आहे. अमेरिकेत नॅशनल स्की पेट्रोल ही उतारावर जखमींना मदत करणारी स्वयंसेवकांची संघटना १९३८ साली निघाली, ती चार्ल्स मायनॉट डोल या माणसाचा स्वतःचा घोटा मोडल्यावर आणि त्याचा एक मित्र शर्यतीत दगावल्यावर. अपघातानंतर माणसे संस्था काढतात. आमच्याकडे संस्था आधीच होती, त्यामुळे अपघातानंतर काय काढावे, हे कोणाला सुचले नाही.

त्यानंतरही सगळे सुरळीत झाले, असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला बर्फच पडले नाही, तपकिरी उताराचे फोटो सगळ्यांनी पाहिले, आमचे शिबिर रद्द झाले आणि आगाऊ रकमेवरून दोन गट अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धाच बर्फाअभावी मार्चवर गेल्या, तेव्हा आमच्यासारख्यांच्या तारखांचे काय बोलावे. म्हणजे वर्गणी भरून बर्फही मिळेल, असे आम्हाला लिहून देता येत नाही. मग लिहून काय द्यावे, यावर कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्ही चहावर संपल्या. शेवटी मी छापखान्यात सांगून टाकले, की नव्या पावतीपुस्तकाची मागची बाजू कोरी ठेवा.

तो मुलगा आता संघात नाही. चालतो नीट, जिने उतरताना कठडा धरतो. गेल्या ऑक्टोबरात त्याची धाकटी बहीण नाव नोंदवायला आली, बरोबर आई होती. मुलीने अर्ज भरला, आईने आठशे रुपये मोजून दिले, मी पावती फाडली. तिने ती उलटून पाहिली.

"आता मागं काय लिहीत नाय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग यादी काढा."

मी संगणक लावला, यादी उघडली आणि तिच्यासमोर नाव लिहिले. महिनाअखेरीला अजून बारा दिवस होते, सगळी यादी एकदमच जाईल, असे मी म्हणालो. तिने छत्री भिंतीला टेकवली आणि ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"एवढं एकच नाव पाठवा," ती म्हणाली. "पोच येईस्तोवर मी हाय इथं."