भाव विचारून निघून यायचं

माझ्या कामातला एक भाग घरी सांगितला की सगळे हसतात. फी घेऊन मी माणसांना बाजारात नेते आणि केळ्यांचा भाव विचारायला लावते. विचारायचा आणि काही न घेता पुढे जायचं, बस्स.

मी गोव्यात, म्हापशाला समुपदेशन करते. जिच्याविषयी सांगते आहे ती मुलगी पेडण्याकडची, एका लॅबमध्ये तंत्रज्ञ. (तिला विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) मागच्या खोलीत तपासण्या करायला तिच्याइतकं चोख कोणी नाही, पण पुढे काउंटरवर बसावं लागेल म्हणून तिने पगारवाढ नाकारली होती. सुरुवातीला सामाजिक भयगंड, म्हणजे लोक आपल्याला बघून काय म्हणतील याची अतोनात भीती, मोजणारी लिबोविट्झची प्रश्नावली भरून घेतली. त्यात 24 प्रसंग असतात. प्रत्येकात भीती किती आणि टाळाटाळ किती, दोन्हींना 0 ते 3 गुण. घेतलेली वस्तू दुकानात परत करणं, माल गळ्यात मारू पाहणाऱ्या विक्रेत्याला नाही म्हणणं, असे प्रसंग शेवटी येतात. तिथे तिने सरसकट 3 लिहिले आणि वर म्हणाली, "मॅडम, चार असता तर चार दिला असता."

म्हणून शुक्रवारचा बाजार. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी बेगमी करून ठेवण्याचे दिवस, सुक्या मिरच्यांचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. आम्ही दहा वाजल्यानंतर गेलो, तेही मुद्दाम. भवानीच्या गिऱ्हाइकाने भाव विचारून पाठ फिरवली तर कोणतीही बाई चिडेल, आणि तिचं चिडणं बरोबरच असेल.

निघण्याआधी तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं, काय होईल असं वाटतं? "बाई तुच्छतेने बघेल. शेजारच्या हसतील. माझं तोंड लाल होईल आणि सगळ्यांना दिसेल." खात्री किती? शंभरात नव्वद.

पहिली बाई मिंडोळी केळी घेऊन बसली होती. मी थोडी मागे, नारळांपाशी. मुलगी गेली, काहीतरी पुटपुटली आणि जवळजवळ पळतच परत आली. "बघितलंत? कपाळाला आठ्या घातल्या तिने."

आठ्या होत्या, खोटं नाही. मी विचारलं, साडी कसल्या रंगाची होती? माहीत नाही. केसांत फुलं होती का? माहीत नाही. बरं, भाव किती सांगितला? तोही आठवेना. आठ्या तेवढ्या पक्क्या लक्षात.

ह्याला मी वेंधळेपणा म्हणत नाही. 1986 साली मॅक्लाउड, मॅथ्यूज आणि टाटा या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. पडद्यावर क्षणभर दोन शब्द, एक धास्तीचा आणि एक साधा. ते गेले की कधीकधी त्यांतल्या एकाच्या जागी ठिपका. ठिपका धास्तीच्या शब्दाच्या जागी आला की चिंतेने ग्रासलेली माणसं तो पटकन टिपत, कारण लक्ष आधीच तिकडे गेलेलं असे. पुढे शब्दांऐवजी चेहरे वापरले गेले, आणि सामाजिक भयगंड असलेल्यांच्या बाबतीत निकाल सारखे येईनात. कधी लक्ष रागीट चेहऱ्याकडे धावतं, कधी त्याच्यापासून पळतं. मला विचाराल तर मी दोन्ही बघते, एकामागून एक. आठी दिसते आणि त्याच क्षणी नजर खाली जाते. आठी कशासाठी होती हे बघायला तिथे कोणी उरतच नाही.

मग लक्ष जातं कुठे, तर स्वतःवर. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये मांडलेलं हेच आमच्या उपचाराचा कणा आहे. कान तापले, म्हणजे ते लालबुंद दिसत असणारच, अशी खात्री आतल्या जाणिवेवरूनच होते. या मुलीला शाळेत भाषणाच्या वेळी वडिलांनी सांगितलं होतं, "सगळी भाजी समज." गोव्यात हे सगळेच सांगतात. कांदोळीचा आबे फारिया, संमोहनासाठी गाजलेला पाद्री, तोच पणजीत पुतळा असलेला, पोर्तुगालमध्ये प्रवचनाला उभा राहिला आणि गांगरला, तेव्हा बापाने खालून 'कातर रे भाजी' (समोरचे सगळे भाजी समज आणि काप) म्हटलं अशी आख्यायिका आहे. फारियाला लागू पडलं असेल. हिला कसं पडणार? ही समोरच्यांकडे बघतच नव्हती.

दुसऱ्या खेपेला दोन गोष्टी बदलल्या. मान लाल दिसू नये म्हणून एवढ्या उकाड्यात कानापर्यंत गुंडाळलेली ओढणी उतरवली. आणि आता काम एकच, ती बाई कोणाकोणाकडे बघून आठ्या घालते ते बघायचं. पाच मिनिटांनी आली ती हसू दाबत. ताडपत्रीच्या फटीतून ऊन थेट बाईच्या डोळ्यांवर येत होतं. आठ्या सुट्टे मोजतानाही होत्या, शेजारणीशी गप्पा मारतानाही. "आणि साडी जांभळी."

मिरचीवालीकडे मात्र प्रसंग खराच आला. हरमलची मिरची हातात घेऊन हिने परत ठेवली, तशी बाई कडाडली, "घेवपाचें ना जाल्यार हात लावूं नाका!" (घ्यायचं नसेल तर हात लावू नका!) दोघंतिघं वळून बघायला लागले. मला वाटलं, आता गेली. ती जागची हलली नाही. "बरं मावशी," म्हणाली आणि पुढे झाली. बाई तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोजून द्यायला लागली होती. माझ्यापाशी येऊन हिने विचारलं, "एवढंच असतं?"

मी खूश झाले. पण माडाचा गूळ विकणाऱ्या म्हातारीने गोड हसून विचारलं, "कोणागेली गो तूं?" (कोणाची गं तू?) आणि हिचे हात बर्फासारखे. ओरडणं पचलं होतं, माया पचेना. कौतुकाची, आपल्याला कोणी नीट बघण्याची भीतीही या विकारात असते. इथे तर म्हातारी हिच्या आईला खरंच ओळखत होती.

आमची पुस्तकं ज्या शहरांत लिहिली गेली तिथे दुकानदार परका असतो आणि परकाच राहतो. 'तुमच्याकडे कोणाचं लक्षही नसतं' हे वाक्य मी गोव्यात वापरत नाही. लक्ष असतं. घर कुठलं, आजोळ कुठलं, सगळं काढतात. म्हणून मी विचारते, बघितलं, ओळखलं, बरं, पुढे काय झालं? भीती याहून फार तीव्र असेल तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. काहींना औषधांची जोड लागते.

त्या दिवशी कागदावर तिने खाली नवी ओळ लिहिली, "गूळवाली आईला सांगेल." खात्री शंभर. हे भाकीत खरं ठरलं. म्हातारीने आईला सांगितलं आणि आईने घरी हिला फैलावर घेतलं, कारण पुरुमेंताच्या दिवसांत बाजारात जाऊन पोरगी गूळ न घेता आली होती. पुढच्या शुक्रवारी ती गूळ आणायला एकटी गेली. काउंटरचं अजून काही ठरलेलं नाही. लॅबच्या मालकांशी काय बोलायचं, तेच सध्या आम्ही लिहून काढतो आहोत.