सोलापूर-मुंबई अंतर किती, आणि विमानाला खरंच तासच लागतो का?

मुंबईचं विमान चालू झाल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद, मुंबई नक्की किती किलोमीटर. मामा म्हणतो ४५५, दादा म्हणतो ४००, आणि भाची म्हणते दोघांचंबी चूक, ३५५ च्या आसपास. गंमत म्हणजे तिघंही बरोबर आहेत. मामा रेल्वेचं सांगतोय, गाडी आधी वर कुर्डुवाडीला जाणार, मग दौंड, पुणे, लोणावळ्याचा घाट, नुसतं पुणंच २६४ पडतं. दादा टेंभुर्णी-इंदापूरवरून गाडी हाकणारा, त्याचं एक्सप्रेसवे धरून ४०० होतं. भाचीनं नकाशावर सरळ रेघ मारली.

आता एटीआरसारखं पंख्याचं छोटं विमानसुद्धा ताशी ५०० च्या आसपास जातं, म्हणजे ३५५ ला पाऊण तासही लागू नये. मग तिकिटावर तास-सव्वा तास का? कारण ती वेळ हवेतली नसते, विमान जागेवरनं हललं ते पलीकडं जागेवर थांबलं इथपर्यंतची असते. त्यात वर चढणं, उतरायच्या आधी वेग कमी करणं आलं. आणि मुंबईत दोन रनवे आहेत खरे पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरायचा, गर्दी झाली की वरच घिरट्या. खाली मुंबई दिसतेय आणि उतरता येत नाय, लई वैताग.

पण मला विचाराल तर हा तास बघून तिकीट काढूच नका, दारापासून दारापर्यंत मोजा. आपलं होटगी रोडचं विमानतळ गावातच, आसरा चौकातनं रिक्षानं लगेच, हे सुख पुण्या-मुंबईवाल्यांना कळायचं नाय. तरी तास-दीड तास आधी जायचं, तास विमानात, मग बॅगेची वाट, मग ट्रॅफिकमधनं दादर. धरा चार तास. वंदे भारत (फेब्रुवारी २०२३ पासून आहे) साडेसहा तासांत सीएसएमटीला नेते आणि दादरला थांबतेच. म्हणजे वाचले किती, दोन-अडीच तास. साडेपाच नाय.

अंधेरी, पवईकडं काम असेल किंवा पुढं दिल्ली-दुबईचं विमान धरायचं असेल तर मात्र डोळे झाकून विमान. सकाळच्या मीटिंगला सिद्धेश्वर एक्सप्रेसच बरी, रात्री झोपायचं, उठलं की मुंबई, दिवसातला एक मिनिट जात नाय.

याच विमानतळासाठी जून २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, केवढा राडा झाला होता. मग २०२५ च्या जूनमध्ये गोवा आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई चालू झालं. त्यामुळं विमान रिकामं जाऊ नये असं मलाही वाटतं, गोव्याला तर मी विमानच सुचवीन, तिकडचा घाटातला रस्ता अंग मोडून काढतो.

लग्नाचा आहेर घेऊन निघाला असाल तर मामाचं ऐका. सोलापुरी चादरी पाच-सहा झाल्या की काउंटरवर वजनाचा काटा लागतो आणि जादा किलोचे पैसे चादरीएवढे होतात, रेल्वेत सीटखाली सरकवल्या की झालं. आणि बुकिंगआधी त्या दिवशी विमान आहे का ते बघा, छोट्या विमानतळाचं टाइमटेबल बदलत राहतं.