गौताळ्यात गाईड होताना

माझे गाव कन्नड तालुक्यात, गौताळा औट्रमघाट अभयारण्याला लागून आहे. आमच्या लेखी जंगल म्हणजे मक्यात रानडुकरे आणि रोही घुसवणारी ब्याद. ते पाहण्यासाठी कोणी पैसे मोजून येईल, असे बारावीनंतर शेतात राबणाऱ्या मला कधी वाटले नव्हते. एका पावसाळ्यात धबधबा शोधत भरकटलेल्या कुटुंबाला मी वाट दाखवली, त्यांनी जाताना हातावर तीनशे रुपये ठेवले, आणि पुढे कितीतरी दिवस आल्याचे वाफे खुरपताना ते तीनशे रुपये माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

पुढे स्थानिक तरुणांसाठी झालेल्या गाईड प्रशिक्षणात मी नाव घातले. पक्ष्यांची नावे, प्रथमोपचार, पर्यटकांना वाटेवर कसे ठेवायचे, हे तिथे कळले. माग काढणे मात्र आज्याने शिकवले, कारण त्याचे अर्धे आयुष्य याच डोंगरात गुरे राखण्यात गेले होते. पाणवठ्याजवळच्या फुफाट्यात ठसा दिसला की मी “बिबट्या!” म्हणून मोकळा होत असे. एकदा त्याने काठीचे टोक ठशाच्या पुढे टेकवले आणि म्हणाला, “नखं उठलीत बघ. बिबट्या चालताना नखं आत वढून घेतो. हे तरसाचं हाय.” मग पुढच्या पावलाचा ठसा मागच्याहून किती मोठा आहे, तेही त्याने मला उकिडवे बसवून दाखवले.

प्राण्यांच्या बाबतीत असा सावध झालेला मी इतिहासाच्या बाबतीत मात्र बेफिकीर राहिलो. घाटाखाली चाळीसगावच्या बाजूला पाटण गावाजवळ पाटणादेवीचे मंदिर आहे. तिथे “भास्कराचार्यांनी शून्याचा शोध इथेच लावला” हे वाक्य मी ऐकीव माहितीवर ठोकून देत असे आणि लोक टाळ्याही वाजवत. एकदा लातूरकडचे एक निवृत्त गणित शिक्षक घोळक्यात होते. त्यांनी सर्वांसमोर मला काही म्हटले नाही, परतताना बाजूला घेऊन विचारले, “दादा, हे तुम्ही कुठे वाचलं?” मला उत्तर देता येईना. शून्याने गणित करण्याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये, म्हणजे भास्कराचार्यांच्या पाच शतके आधी, लिहून ठेवले होते, आणि पाटणच्या इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे, हे त्यांनी शांतपणे सांगितले. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. खरे तर नातवाने आजोबांसाठी मठ काढला, ही हकीकत माझ्या थापेपेक्षा कितीतरी सरस होती. आता मी तीच सांगतो.

पितळखोऱ्याच्या प्राचीन लेण्यांनाही मी असाच नव्याने वाचून गेलो. इथल्या एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे आणि ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, एवढे सांगितले की उतरून उतरून दमलेली माणसेही पुन्हा लेण्यांकडे मान वळवतात.

मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ गौताळ्यातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपला गेला, तेव्हापासून फोनवरचा पहिला प्रश्न वाघाचाच असतो. मी आधीच सांगतो की मोर आणि माकडे बहुधा दिसतील, बिबट्याचा किंवा अस्वलाचा माग मिळाला तर दाखवीन, वाघाची आशा धरू नका. यामुळे काही बुकिंग हातचे जाते, हे मान्य आहे.

अजिंठा-वेरूळसारख्या संरक्षित स्मारकांत काम करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. त्यासाठी माझा अभ्यास चालू आहे, पण इंग्रजी अजून अडते. पोट निव्वळ यावर भरत नाही. पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि हिवाळा बरा जातो. होळीनंतर ओढे आटतात, फोन थांबतात आणि मी आल्याचे बेणे निवडायला बसतो.