हाताहाता, मीठ आणि शोत्सुरु

कोकणात मासळी मिठात घालून उन्हात वाळवतात, तेव्हा पाणी उडून जाते आणि मांस हाती राहते. जपान समुद्राला लागून असलेल्या अकिता प्रांतात नेमके उलटे करतात : मांस विरघळू द्यायचे आणि सुटलेले पाणी जपून ठेवायचे. त्या पाण्याला शोत्सुरु म्हणतात. हा शब्द ‘शिओ’ म्हणजे मीठ आणि ‘शिरु’ म्हणजे रस यांपासून झाला आहे, आणि पदार्थही खरोखर तेवढाच आहे.

मासळी भरपूर मिठात घालून, वर वजन ठेवून, वर्ष-दोन वर्षे आणि काही ठिकाणी त्याहून अधिक काळ मुरवली जाते. एवढ्या मिठात नासवणारे जीवाणू टिकत नाहीत, मात्र माशाच्या आतड्यांतील विकरे (एन्झाइम) आपले काम थांबवत नाहीत; ती प्रथिने तोडत राहतात आणि त्यातून ग्लुटामिक आम्ल सुटते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री वनस्पतीच्या पाण्यातून जी चव वेगळी काढली आणि जिला ‘उमामी’ असे नाव दिले, तीच ही चव. शेवटी रस गाळून घेतात.

मासा मात्र कोणताही चालत नाही, निदान जुन्या जाणकारांना तरी. हाताहाता हा खवले नसलेला लहान मासा एरवी खोल पाण्यात राहतो आणि डिसेंबरच्या सुमारास अंडी घालण्यासाठी किनाऱ्यालगतच्या शेवाळापर्यंत येतो. त्याच दिवसांत त्या समुद्रावर ढगांचा गडगडाट होतो, म्हणून त्याचे नाव लिहिण्याच्या एका चिन्हात ‘मासा’ आणि ‘मेघगर्जना’ एकत्र आहेत. एकेकाळी वर्षाला हजारो टन मिळणारा हा मासा १९९१ मध्ये जेमतेम ७० टनांच्या आसपास आला, तेव्हा अकिताच्या कोळ्यांनी १९९२ ते १९९५ अशी ३ वर्षे त्याची मासेमारी स्वतःहून बंद ठेवली. पोट ज्या माशावर, तोच न धरण्याचा निर्णय किती जड गेला असेल, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यानंतर मासा परतला खरा, पण अलीकडे पुन्हा घटला आहे. टंचाईच्या काळात शोत्सुरुसाठी तारल्यांसारखी इतर मासळीही वापरली गेली.

स्वयंपाकात पहिल्यांदा मी मोठी चूक केली. वास उग्र असला तरी चव सौम्य असेल, अशा समजुतीने मी रस्शात पळीभर ओतले आणि सगळे भांडे खारट झाले. शोत्सुरु हा रस्सा नव्हे, रस्शातले मीठ आहे, हे तेव्हा उमगले. अकितात कोम्बूच्या पाण्यात ते बेताने घालून त्यात हाताहाता, टोफू, पातीचा कांदा आणि पालेभाज्या शिजवतात. या पदार्थाला ‘शोत्सुरु नाबे’ म्हणतात. उकळी आली की बाटलीतला तो भपकारा बराच निवतो आणि मागे खोल, गोडसर चव राहते. मादीच्या पोटातील चिकट अंडी दाताखाली फुटतात, ती तर तिथल्या लोकांची खास आवडती.

जपानच्याच नोतो द्वीपकल्पातला इशिरी हा रस याच घराण्यातला, पण स्क्विडच्या (माकुळाच्या) आतड्यांपासून बनणारा, अधिक गडद आणि अधिक तिखट वासाचा. तेथे शिंपल्याच्या मोठ्या कवचात तो पाण्यात पातळ करून त्यात स्क्विड, मुळा आणि वांगी शिजवतात. मुळ्याच्या फोडींवर मी तो थेंबभर घालून पाहिला आहे आणि आमच्या घरात, जिथे सुकटीच्या वासाचे कोणाला काही वाटत नाही, तो सहज खपला.

आता बाटली घेताना मी घटकांची यादी आधी वाचतो. हाताहाता आणि मीठ एवढेच असेल तर ती सारासाठी राखून ठेवतो. इतर मासळीची असेल तर परतलेल्या नूडल्ससाठी चांगली चालते.