पिशवी तीच, तेल कमी

अमळनेरात माझं किराणा दुकान आहे. काट्यावर सरकारी शिक्का आहे, दरवर्षी वजनमापेवाल्यांकडून तपासून घ्यावा लागतो. सुट्या तूरडाळीत पाव किलोमागे दहा ग्रॅम मारले तर दंड मला, बदनामीही मला. आणि आमच्या गावात बदनामी दंडापेक्षा महाग पडते.

बंद पिशवीचं तसं नाही. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा वस्तू ठरलेल्या मापातच भराव्या लागत. वजनमापाच्या नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीने ते बंधन काढलं. आता 800 ग्रॅम भरा, 870 भरा. छापलं की सुटलात.

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाच्या, तोंडावर नेहमीची एक मावशी तेलाच्या दहा पिशव्या घ्यायला आली. रोटांच्या प्रसादाला सगळे भाऊबंद जमणार. एक पिशवी हातावर तोलत म्हणाली, "भाऊ, हाई हालकी लागस." मी काट्यावर ठेवली. छापलेले 800 ग्रॅम बरोबर भरले. पण ती इतके महिने लिटरची समजूनच नेत होती, कारण पिशवीचा आकार तोच, रंग तोच. सोयाबीनचं लिटर साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे दहा पिशव्यांत किलोवर तेल कमी, आणि कायद्याने चोर कुणीच नाही.

त्याआधीची गंमत वेगळीच होती. काही पिशव्यांवर लिटरशेजारी बारीक अक्षरात तापमान असायचं, 60 अंश. तेल तापलं की फुगतं, मग तेवढ्याच लिटरात वजन कमी बसतं. अहो, जळगावच्या मे महिन्यातसुद्धा दुकानात 60 अंश होत नाही! ते तापमान काढायला सरकारने 2022 मध्ये सांगितलं, बरं झालं.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं मी समजू शकतो. मैदा-साखर महागली, भाव तोच ठेवायचा तर बिस्किटं कमी होणारच. मग पुडाही छोटा करा ना.

ग्रॅममागचा भाव छापणं आता सक्तीचं आहे, पण तो वाचायला माझ्याच गिऱ्हाइकांना चष्मा पुरत नाही. म्हणून मी प्रत्येक तेलाचा किलोचा भाव पुठ्ठ्यावर लिहून दारात टांगलाय. एजन्सीचा पोरगा कुरकुरला, "शेठ, अशाने आमचा माल हलणार नाही."

म्हटलं, कंपनीला सांग, पिशवीवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापा, 'आधी 910, आता 800'. पुठ्ठा आजच उतरवतो.