चार नंबरचा पाय आणि माहुली

मी ठाण्यात नौपाड्याला राहते, वय ५२ आणि पायाचं माप चार. वयाचं कुणाला काही वाटलं नाही. गणपती झाल्यावर तुमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर माहुली किल्ल्यावर येऊ का, असं विचारल्यावर भाची लगेच म्हणाली, "ये की मावशी, विचारतेस काय!" घोडं अडलं ते मापावर.

तिनं व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. तीन लिटर पाणी, डबा, सुका खाऊ, टॉर्च, शिट्टी, पाँचो, जादा मोजे, बँडेज. अर्ध्या तासात निम्मी यादी घरातच जमली. सगळ्यात वर "ग्रिपवाले बूट" असं लिहिलं होतं, तिकडे मी बघितलंसुद्धा नाही, कारण माळ्यावर माझे महागातले बूट होते. सात वर्षांपूर्वी हिमाचलला जाताना घेतलेले, जेमतेम चार दिवस वापरून खोक्यात जपून ठेवलेले.

ते घालून सरावाला येऊरला गेले. अर्ध्या चढावर उजव्या पायाखाली काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं. बघते तर टाचेकडून तळ सुटून लोंबतोय आणि आतला फोम शिळ्या केकसारखा भुगा होऊन सांडतोय. या बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतला ओलावा शोषून तो आतून कुजत जातो, न वापरता ठेवला तरी. आमच्या माळ्यावर त्याने ठाण्याचे सात पावसाळे काढले होते. फटक-फटक आवाज करत मी खाली उतरले. तुमचे बूट असेच जपून ठेवलेले असतील, तर ट्रेकच्या आठ दिवस आधी काढा आणि घालून दोन तास चाला.

मग घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथला मुलगा आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "लेडीज ट्रेकिंगमध्ये चार नंबर येतच नाही मॅडम." मग त्याने गुलाबी बूट पुढे केले. "हे बघा ना, वॉकिंगला मस्त आहेत." खालून हात फिरवला तर तळ साबणासारखा गुळगुळीत. माझा प्रश्न चालण्याचा नव्हताच, उतरण्याचा होता. शेवटी त्याने पाच नंबर आणला, "जाड मोजे घाला, फिट बसेल." मीही ऐकलं. २,८०० रुपये मोजले.

घरी आल्यावर दोन-दोन मोजे घालून सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरत गेले. चौथ्या मजल्यावर बोटं पुढे आदळायला लागली. चढताना ढिला बूट कळत नाही, उतरताना सगळा पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख मार खातं. म्हणून बूट घेताना ट्रेकला घालणार तेच मोजे घेऊन जा आणि संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, पण टाच उचलली जाता कामा नये. हे मला आधी कुणी सांगितलं नाही. त्या मुलाने तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर परत करायला गेले. काउंटरवर मुलीने बूट उलटा केला. "मॅडम, सोलला धूळ आहे. वापरलेला माल परत घेत नाही."

"अगं, जिन्याची धूळ आहे ती. घातल्याशिवाय कळणार कसं?"

"मॅनेजर सरांशी बोला."

मॅनेजर जेवायला गेलेले. संध्याकाळी सव्वासहाला. पाऊण तास मी तंबूंच्या शेजारी एका स्टुलावर बसून होते. त्या तंबूतच झोपले असते तर बरं झालं असतं. ते आले नाहीत. दुसऱ्या खेपेला आले होते, पण खोक्यावरचा स्टिकर फाटलाय म्हणाले. तो त्यांच्याच दुकानातल्या मुलाने फाडला होता, किंमत बघायला. तिसऱ्या खेपेला मी बूट ओल्या फडक्याने पुसून, खोकं चिकटपट्टीने नीट करून, बिलाची झेरॉक्ससुद्धा घेऊन गेले. मॅनेजरांनी बूट उजेडात धरून असा न्याहाळला, जणू सोनं गहाण ठेवायला आणलंय. पैसे नाहीतच, क्रेडिट नोट मिळाली, तीन महिन्यांची. त्यांच्याकडे चार नंबर नाही, हे त्यांना माहीत, मलाही माहीत, आणि तरी बूट घ्यायला परत त्यांच्याकडेच यायचं! मग त्या नोटेवर पाँचो, सॅक आणि दोन ड्राय-फिट टी-शर्ट घेतले. टी-शर्ट उपयोगी पडले, हे कबूल करते. माझे सुती कुर्ते घामाने भिजले की दिवसभर अंगाला चिकटून राहतात. जीन्स तर मुळीच नको. भिजली की जड होते आणि गुडघा वाकत नाही.

बूट शेवटी मिळाले जांभळी नाक्याजवळच्या एका बोळातल्या दुकानात. आजोबांनी पाय बघितला, शिडी लावली आणि वरून एक धुळकट खोकं काढलं. "शाळेच्या पोरांचं माप आहे, ताई. पाय काय पोराचा, काय बाईचा." साधा कापडी बूट, मऊ रबरी तळ, खोल खाचा, साडेसहाशे रुपये. तुमचंही माप लहान असेल, तर लेडीज विभागात वेळ घालवू नका, सरळ मुलांच्या मापात शोधा.

ट्रेकच्या दिवशी पहाटेची कसारा लोकल पकडली. आसनगावहून रिक्षा, पायथ्याला वनखात्याच्या चौकीत नावनोंदणी. पहिला तास जंगलातला दमट चढ, वाऱ्याची झुळूक नाही. तिथेच दीड लिटर पाणी संपलं, म्हणजे यादीतले तीन लिटर उगाच नव्हते. भाचीने इलेक्ट्रॉल आणलं होतं. लिंबू सरबतापेक्षा ते बरं. हो, आणि निघण्याआधी पायाची नखं कापा. हे मला अर्ध्या वाटेत आठवलं. ज्या माहुलीवर १६३६ साली शहाजीराजे वेढ्यात लढत होते, त्याच्या चढावर मी नखांची काळजी करत होते.

लोखंडी शिडीच्या खाली ओला कातळ आहे, वर शेवाळ. पुढचा एक मुलगा महागातले रनिंग शूज असूनही दोनदा घसरून बसला. माझे साडेसहाशेवाले बूट चिकटून राहिले. मी काही बोलले नाही, पण भाचीकडे बघितलं. महादरवाजाच्या देवड्यांत, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्यांत, डबे उघडले. माझ्या डब्यात चपाती आणि शेंगदाण्याची चटणी होती. भाजी नेऊ नका, सांडते. तेवढ्यात पाऊस आला. सॅकला कव्हर होतं, पण पाठीकडून पाणी शिरतंच. बरं झालं, आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालून सगळं त्यात भरलं होतं. छत्री आणलेल्या दोघांच्या छत्र्या उलट्या झाल्या.

उतरण्याआधी घोट्याशी लेस घट्ट बांधली. खाली आल्यावर मोजे काढून दहाही नखं तपासली. एकही काळं नाही. एक सुका सेट पिशवीत ठेवला होता, तो गावातल्या एका घरी बदलला आणि लोकलमध्ये कोरड्या कपड्यांनी बसले.

क्रेडिट नोटेवर अजून ३४० रुपये शिल्लक आहेत, डिसेंबरपर्यंत. त्या दुकानात तेवढ्यात येतील असे फक्त मोजे आहेत. जाड.